हाकेच्या अंतरावर

"यात पुढे काही घडणार असेल तर सांगा, नाहीतर मी कुकर लावते," असे म्हणून आमच्या सौभाग्यवती उठल्या, तेव्हा पडद्यावर तेहरान शहरातील एका उतरत्या रस्त्यावरून एक रिकामा पत्र्याचा डबा घरंगळत चालला होता आणि कॅमेरा, जणू त्या दिवशी त्याला दुसरे काही कामच नेमून दिलेले नव्हते अशा निवांतपणाने, त्या डब्यामागे चालला होता. समोरच्या घरात एका मनुष्याला अटक होत होती. परंतु ती पाहण्याची परवानगी दिग्दर्शकाने आम्हां प्रेक्षकांना दिलेली नव्हती. आम्ही बाहेर, टॅक्सीवाल्याच्या सोबतीने, ताटकळत. मी सौभाग्यवतींना काहीच उत्तर दिले नाही, कारण ते दृश्य मला फार ओळखीचे वाटत होते. ज्याने नोकरीची सारी वर्षे न्यायालयाच्या आवारात घालविली, त्याला हे पक्के ठाऊक असते की आत जे घडते ते पाव तासाचे असते, आणि त्या पाव तासासाठी माणसे सबंध दिवस बाहेर असेच डबे घरंगळताना पाहत बसलेली असतात.

मी 1981 साली एका जिल्ह्याच्या ठिकाणी लिपिक-टंकलेखक म्हणून न्यायखात्यात रुजू झालो व 2014 साली शिरस्तेदार म्हणून सेवानिवृत्त झालो. गावाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. लघुलेखनाची परीक्षा मी हौसेने दिलेली असल्यामुळे साहेबांचा लघुलेखक रजेवर गेला की निकालपत्रे उतरवून घेण्याचे कामही बहुधा माझ्याच गळ्यात पडे. पुण्यास बिऱ्हाड केल्यावर लॉ कॉलेज रस्त्यावरील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात माझे जाणे-येणे सुरू झाले. 1964 साली स्थापन झालेल्या या संस्थेत पी. के. नायर नावाच्या गृहस्थांनी चित्रपटांचे डबे असे काही जिवापाड जमविले व जपले, की एखाद्या रेकॉर्डकीपराने त्यांना मनोमन गुरू मानावे. तरुणपणी वकील होण्याची मनीषा होती, परंतु घरच्या परिस्थितीमुळे लॉ कॉलेजची पायरी चढणे घडले नाही. उतारवयात निदान त्या रस्त्याला लागलो एवढे खरे. यंदाच्या पावसाळ्यात मात्र गुडघ्याने असहकार पुकारला, तेव्हा मुलीने संगणक दूरदर्शन-संचाला जोडून दिला आणि मी ठरवून, एका मागून एक, ज्यांत न्यायालय येते असे निराळ्या वळणाचे चित्रपट पाहून काढले. त्यांतले काही पूर्वी पाहिलेले होते. परंतु नोकरीत असताना पाहिलेले न्यायालय आणि निवृत्तीनंतर पाहिलेले न्यायालय यांत बरेच अंतर पडते.

आपल्याकडील नेहमीच्या चित्रपटांतील न्यायालयाविषयी न बोललेले बरे. तेथे न्यायाधीश लाकडी हातोडा आपटून शांतता प्रस्थापित करतात. 33 वर्षांत मी हातोडा पाहिला तो एकदाच, नाझराच्या खोलीत, भिंतीला दिनदर्शिका टांगण्यासाठी खिळा ठोकताना. तेथील वकील आरोपीच्या अंगावर ओरडत धावून जातात आणि खरा गुन्हेगार गर्दीतून आपण होऊन उभा राहतो. हे सारे करमणुकीसाठी असते, त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. 'तक्रार' या शब्दावरून आठवले. इराणी दिग्दर्शक किआरोस्तामी यांच्या 1990 सालच्या 'क्लोज-अप'मध्ये, म्हणजे त्या घरंगळत्या डब्याच्या चित्रपटात, खरोखरीच्या एका खटल्याची सुनावणी खरोखरीच्या न्यायालयात चित्रित केलेली आहे. आणि तेथील फारसी बोलण्यातून मधूनच आपल्या दप्तरातला एखादा शब्द असा अवचित कानी पडतो, की परगावच्या बाजारात गाववाला भेटावा. असे शब्द तिकडूनच आपल्या कचेऱ्यांत आले, कित्येक पिढ्या राहिले, घरचे झाले. 'तक्रार' या शब्दाचा मूळ अर्थ मात्र तिकडे 'तेच ते पुनःपुन्हा' असा आहे. न्यायखात्यात ज्याने काढली त्याला या अर्थांतरात विसंगती मुळीच वाटणार नाही.

त्या खटल्यातील आरोपी सब्जियान हा एक गरीब, बेकार, चित्रपटवेडा इसम. बसमध्ये शेजारी बसलेल्या एका बाईला त्याने आपण मखमलबाफ हे प्रसिद्ध दिग्दर्शक असल्याचे सांगितले, तिच्या कुटुंबात त्या नावाने वावरला, त्यांना चित्रपटात भूमिका देऊ केल्या आणि यथावकाश पकडला गेला. आपल्याकडे हे प्रकरण तोतयेगिरी व फसवणूक या कलमांखाली आले असते, चार तारखांना आरोपी गैरहजर राहिला असता आणि पाचव्या तारखेला तडजोड झाली असती. किआरोस्तामी काय करतात, तर सुनावणीच्या आरंभीच आरोपीला समजावून सांगतात की येथे दोन भिंगे लावलेली आहेत. एक सबंध न्यायालय दाखवील, दुसरे केवळ तुझ्या चेहऱ्यावर राहील, आणि कायद्याच्या दृष्टीने जे सांगण्यासारखे नाही, जे सिद्ध करता येणार नाही, ते तू या दुसऱ्या भिंगाला सांग. हे ऐकून मी चित्र थांबविले व बराच वेळ तसाच बसलो. आमच्या न्यायालयात भिंग एकच होते, आणि ते माझ्या बोटांखाली होते: रेमिंग्टन कंपनीचा जुना टंकयंत्राचा सांगाडा, ज्याचे 'ई' हे अक्षर किंचित वर उडत असे.

हे नीट समजण्यासाठी साक्ष कशी नोंदविली जाते ते सांगणे अवश्य आहे. बाहेर पट्टेवाला पुकारा करतो. साक्षीदार पिंजऱ्यात येतो. त्याला शपथ देतात, ती इतक्या भरभर की देवालाही पुरती ऐकू जाऊ नये. मग सरकारी वकील सरतपास घेतात आणि आरोपीचे वकील उलटतपास. साक्षीदार बोलतो मराठी, तेही आपापल्या मुलखाचे. प्रश्न व उत्तर ऐकून न्यायाधीश त्या दोहोंचे मिळून एक विधान बनवितात, ते, आमच्या काळी पुष्कळ ठिकाणी, इंग्रजीत सांगतात आणि टंकलेखक ते कागदावर उतरवितो. प्रश्न कागदावर येत नाही. उत्तर येते, तेही प्रथमपुरुषी निवेदन होऊन. "तू खोटी साक्ष देतोयस ना?" "छे, छे, देवाशप्पत न्हाई" एवढ्या संवादाचे कागदावर होते: 'मी खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही.' तिकडे साक्षीदाराचा कंठ दाटून आलेला असो, की त्याने उत्तरापूर्वी आरोपीकडे पळभर पाहिलेले असो, कागद कोराच. शेवटी साक्ष वाचून दाखवितात, साक्षीदार 'बरोबर आहे' म्हणतो आणि सही किंवा अंगठा करतो. यात कोणाचा कावा नसतो. बोर्डावर पन्नास-साठ प्रकरणे असतात, मनुष्य एक असतो आणि दुपारचे दोन वाजत आलेले असतात.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' एप्रिल 2015 मध्ये चित्रपटगृहांत लागला, तेव्हा मला निवृत्त होऊन वर्ष उलटले होते. व्हेनिसच्या महोत्सवात आधल्या वर्षी त्याचा गौरव झालेला होता व सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही त्यास मिळाले होते. परंतु मी गेलो तो या कशामुळेच नव्हे, केवळ नावामुळे, निवृत्त स्टेशनमास्तर जसा उगाच फलाटावर जाऊन येतो तसा. नारायण कांबळे या लोकशाहिराच्या एका गीतामुळे गटारसफाई करणाऱ्या कामगाराने भूमिगत गटारात उतरून आत्महत्या केली, असा आरोप त्याच्यावर ठेवण्यात येतो. कांबळ्यांची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली होती; 2021 च्या एप्रिलमध्ये ते निवर्तले. कथा म्हणून पाहिले तर एवढीच. पण ताम्हाणे यांनी कॅमेरा न्यायालयात मागच्या बाकावर नेऊन ठेवला आहे, जेथे पुढच्या प्रकरणाचे पक्षकार बसतात, आणि तेथून तो हलविलेला नाही. मुख्य प्रकरण पुकारले जाईपर्यंत आपण दुसऱ्यांची प्रकरणे ऐकतो. एका बाईचा पोशाख बिनबाह्यांचा आहे म्हणून न्यायाधीश तिचे प्रकरण ऐकण्याचे नाकारतात व तारीख देतात. प्रेक्षक हसले. मीही हसलो असतो, परंतु नेमका असा हुकूम नव्हे तरी त्याच्या चुलतभावासारखे काही हुकूम मी स्वतः टंकलिखित केलेले होते.

मग मृत कामगाराच्या विधवेची साक्ष येते. ही साक्ष पडद्यावर इतकी अभिनयशून्य आहे की आपण चित्रपटगृहात नसून पुन्हा कामावर हजर झालो आहो, असा मला भास झाला. नवरा गटारात उतरण्यापूर्वी आत खडा टाकून पाही. झुरळ बाहेर आले तर आत जीव तगण्याजोगी हवा आहे असे समजे. घाण सोसवेना म्हणून तो दारू पिऊन उतरे. आतील वायूने त्याचा एक डोळा गेलेला होता. ती हे सांगते ते स्वयंपाकघरात डाळ-तांदळाचा हिशेब सांगावा अशा स्वरात. आणि न्यायाधीश ते ऐकून, मान किंचित वळवून, टंकलेखकास इंग्रजीत एक सुबक वाक्य सांगतात. बाईचे बोलणे आणि साहेबांचे वाक्य यांच्या मधली जी फट आहे, ती ताम्हाणे यांनी आपल्यासमोर नुसती उघडी ठेवली आहे; तिच्यावर बोट ठेवलेले नाही, मागे संगीत वाजविलेले नाही. चित्रपटगृहात माझ्या शेजारचे तरुण गृहस्थ त्या इंग्रजीला हसले. माझी बोटे मात्र मांडीवर आपोआप हलू लागली होती.

त्या फटीत मी 33 वर्षे बसलो होतो. तिच्यात जे पडले त्यातले बहुतेक विसरलो. एक प्रकरण राहिले आहे.

नोकरीचे सहावे की सातवे वर्ष असेल. प्रकरण गंभीर दुखापतीचे, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचे. शेताच्या बांधावरून कुऱ्हाडीच्या दांड्याने झालेली मारहाण. पाहणारी साक्षीदार एकच, विहिरीवर धुणे धूत असलेली एक म्हातारी. पट्टेवाल्याने तिला "आजी, पायरी हाय बरं का" म्हणत हाताला धरून पिंजऱ्यात चढविले. सरकारी वकिलांनी विचारले, "तुम्ही किती अंतरावर होता?" ती म्हणाली, "हाकंच्या अंतरावर व्हते, सायेब." आमचे साहेब अत्यंत सज्जन, मितभाषी आणि कामाला वाघ. त्यांनी पळभर विचार केला. हाकेचे अंतर म्हणजे किती, हे कागदावर कसे यावे? इंग्रजीत 'हाके'ला ठाव कोठून आणावयाचा? त्यांनी सांगितले: सुमारे 50 फूट. मी ते टंकलिखित केले. कोणी हरकत घेतली नाही. सरकारी वकील पुढल्या प्रश्नाची जुळणी करीत होते, आणि आरोपीच्या वकिलांनी घेतली नाही ती मात्र, मला आज वाटते, जाणूनबुजून.

साक्ष संपल्यावर ती मराठीतून वाचून दाखविण्याचे काम माझे. मी इंग्रजी कागदावरून मराठी करीत गेलो: मी विहिरीवर होते, मी आवाज ऐकला, मी सुमारे पन्नास फुटांवर होते. तिचाच शब्द तिच्या मुखातून निघून इंग्रजीत गेला होता आणि माझ्या मुखाने तो मराठीत परत आला, तो असा. ती म्हणाली, "बरूबर हाय." फूट म्हणजे काय हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि कोट घातलेला मनुष्य कागद पाहून बोलतो आहे म्हणजे ते बरोबरच असणार. मी शाईचा पॅड पुढे केला. म्हाताऱ्या माणसांचा अंगठा थरथरतो, ठसा फिस्कटतो, म्हणून तो आपल्या हातात धरून नीट टेकवावा लागतो. तसा टेकविला.

घटनास्थळाच्या पंचनाम्यात मात्र विहीर ते बांध हे अंतर 200 फुटांहून अधिक नोंदलेले होते. युक्तिवादाच्या वेळी आरोपीच्या वकिलांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. जी साक्षीदार चौपट अंतर पन्नास फूट म्हणून सांगते, तिने पाहिले काय आणि न पाहिले काय? साक्ष अविश्वसनीय ठरली आणि आरोपी निर्दोष सुटला. तो निर्दोष असेलही. ते ठरविणे माझे काम नव्हते आणि आजही नाही. परंतु मोकळ्या रानात 200 फुटांवरून मारलेली हाक स्वच्छ ऐकू येते, हे खेड्यात वाढलेल्या प्रत्येकाला माहीत असते. मलाही होते. निकाल सांगितला जात असताना मी टंकयंत्रावर नवा कागद चढवीत होतो.

कुरोसावा यांचा 'राशोमोन' मी पहिल्यांदा पाहिला तो याच सुमारास. बार असोसिएशनच्या दिवाणखान्यात, एका प्राध्यापकांनी कोठून तरी आणलेल्या 16 मिलिमीटरच्या यंत्रावर, धुतलेल्या पण न इस्तरलेल्या चादरीवर. त्या वेळी इतकेच कळले की चौघे चार तऱ्हांनी सांगतात आणि खरे काय ते कळत नाही. उपस्थित वकील मंडळींनी यावर 'यात नवीन ते काय' असा शेरा मारला, तो मला पटलाही होता. जगभर या चित्रपटाचे नाव झाले ते याच गोष्टीसाठी, आणि 'सत्य अनेक असतात' हे तात्पर्य त्यातून काढून मंडळी मोकळी झाली. यंदा तो पुन्हा पाहताना मी निराळ्याच गोष्टीने खिळलो. साक्षी होतात त्या एका उघड्या, वाळू पसरलेल्या अंगणात. साक्षीदार आपल्याकडे तोंड करून बसतो. ज्यांच्या साक्षी झाल्या ते मागे भिंतीशी बसून राहतात. आणि न्यायाधीश दिसत नाही. दिसत नाही एवढेच नव्हे, त्याचा आवाजही येत नाही. लाकूडतोड्या तलवारीविषयीचा प्रश्न स्वतःच उच्चारतो आणि स्वतःच त्याचे उत्तर देतो. म्हणजे प्रश्न उत्तराच्या पोटात गेलेला. अहो, ही आमची पद्धत! 1950 साली जपानात बसून या गृहस्थाने साक्षीचा कागद जसाच्या तसा पडद्यावर आणला होता आणि मी तो जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वी चादरीवर पाहून घरी गेलो होतो. फरक एकच. आमच्या कागदावर प्रश्न गेला की चेहराही जातो. कुरोसावांनी प्रश्न काढून टाकला तो चेहरा उरावा म्हणून.

मृत मनुष्यसुद्धा तेथे एका मांत्रिक बाईच्या तोंडून साक्ष देतो. मृत्युपूर्व जबाब आम्ही पुष्कळ पाहिले, हा मृत्यूत्तर! सौभाग्यवतींना हा भाग फार आवडला.

असगर फरहादी यांचा 2011 सालचा 'अ सेपरेशन' मात्र त्यांनीही शेवटपर्यंत पाहिला, कुकर न लावता. याचा आरंभच असा आहे की माझ्यासारख्या कारकुनाने उठून उभे राहावे: श्रेयनामावली चालू असताना आपण झेरॉक्स यंत्राच्या पोटात असतो आणि वरून एकामागून एक ओळखपत्रे काचेवर येऊन पडतात, उजेडाची पट्टी फिरते, कागद उचलला जातो. माणसे त्यानंतर येतात. कचेरीचा क्रमही हाच असतो. घटस्फोट मागणारे जोडपे थेट आपल्याकडे पाहून भांडते, कारण न्यायाधीशाच्या जागी आपल्याला बसविलेले आहे. आणि पुढे, दुसऱ्याच एका फौजदारी फिर्यादीत, लहानशा खोलीत एका मेजाभोवती फिर्यादी, आरोपी, त्यांच्या बायका सर्व एकाच वेळी बोलतात आणि मेजामागचा थकलेला अधिकारी एकीकडे लिहीत असतो. त्या अधिकाऱ्याला मी ओळखतो. त्याचे नाव काही का असेना.

शेवटी त्या जोडप्याच्या मुलीला विचारतात की तुला बापाकडे राहावयाचे की आईकडे. ती म्हणते, माझे ठरले आहे. मग न्यायाधीश आईबापांना बाहेर जाण्यास सांगतात. बाप या बाजूस, आई त्या बाजूस, मध्ये काचेचे दार, बोळातून माणसांची ये-जा. आणि चित्रपट तेथेच संपतो, नावे येऊ लागतात, ते दोघे तसेच थांबलेले. मुलीने काय सांगितले ते आपल्याला कळत नाही. सौभाग्यवती चिडल्या. "हा काय शेवट झाला?" त्यांचा राग रास्त होता, इतका वेळ बसविल्यावर माणसाला निकाल मिळावा. पण मला त्या बोळाने निराळीच आठवण करून दिली.

लघुलेखकाला निकाल आदल्या दिवशी ठाऊक असतो. साहेब दालनात निकालपत्र सांगतात, तो ते उतरवितो, दार लावून टंकलिखित करतो, कागद साहेबांच्या स्वाधीन करतो आणि चेहरा सांभाळीत घरी जातो. एका सत्र खटल्यात मी असाच संध्याकाळी बाहेर पडलो, तो चहाच्या टपरीवर आरोपीचा बाप बसलेला. मुलाला जन्मठेप झालेली होती. म्हणजे कागदावर झालेली होती, उघड न्यायालयात सांगावयाची राहिली होती. म्हातारा उठून उभा राहिला. "रावसाहेब, उद्या कसं व्हईल?" मी म्हणालो, "उद्या अकराला या." त्याने माझ्यासाठी चहा सांगितला. नको म्हणावयास हवे होते, ते नियमानेही बरोबर झाले असते. पण नको म्हटले असते तर त्याला कळले असते. मी तो चहा प्यालो. इतका गोड चहा मी पुन्हा कोठे प्यालो नाही, आणि आजही चहात साखर जास्त पडली की मला ती टपरी आठवते. फरहादींनी त्या दोघांना बोळात ठेवून दिले आणि निकाल आपल्यापासून राखला, याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही.

अॅलिस डिओप या फ्रेंच दिग्दर्शिकेचा 2022 सालचा 'सेंट ओमर'ही पाहिला. पोटच्या मुलीला समुद्रकाठी सोडून देणाऱ्या एका स्त्रीच्या खऱ्या खटल्यास ही बाई स्वतः जाऊन बसली होती, आणि तेथील कामकाजाच्या नोंदी तिने संवादांसाठी वापरल्या आहेत. त्यातही निकाल दाखविलेला नाही. चित्रपट मोठा आहे, पण माझ्या पचनी पुरता पडला नाही. त्यात खटला ऐकण्यास आलेल्या एका प्राध्यापिकेचे स्वतःचे दुःख खटल्याच्या मध्ये मध्ये येत राहते आणि मला वाटे, बाई, जरा बाजूला व्हा, साक्ष ऐकू द्या. हा माझ्या सवयीचा दोष असू शकेल.

राहता राहिला सर्वांत जुना. कार्ल ड्रायर यांचा 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' 1928 सालचा, मूकपट. प्रारंभी एक हात एका जुन्या हस्तलिखिताची पाने उलटतो: 1431 साली रुआं येथे चाललेल्या जोनच्या खटल्याचे दप्तर. तिची उत्तरे लेखनिकांनी प्रथम फ्रेंच भाषेत टिपली आणि मागाहून त्यांचे लॅटिन करण्यात आले. म्हणजे साडेपाचशेहून अधिक वर्षांपूर्वीही बोलणाऱ्याची भाषा एक आणि दप्तराची एक. ड्रायर यांनी त्या दप्तराचा आधार घेतला आणि त्यातून जे गळून गेले होते ते, म्हणजे केवळ चेहरा, परत आणले. फाल्कोनेत्ती या नटीचा तो चेहरा, केस कापलेला, ओठ फुटलेला, पडदाभर. मूकपट असल्यामुळे ती काय बोलते ते आपण वाचतो, आणि वाचण्यापूर्वी पाहतो. हा क्रम साऱ्या न्यायखात्याने एकदा पाहून घ्यावा असा आहे. एका प्रसंगी, जिवाच्या भीतीने गलितगात्र झालेल्या त्या मुलीपुढे कबुलीचा कागद ठेवतात, आणि ती लेखणी नीट धरू शकत नाही म्हणून एक धर्मगुरू तिचा हात आपल्या हातात धरून सही करवितो.

मी चित्र तेथे थांबविले नाही. थांबविता आले नाही.

या चित्रपटाची मूळ प्रत आगीत नष्ट झाली होती. पुढे दिग्दर्शकाने उरलेल्या तुकड्यांतून दुसरी जुळविली, तीही आगीत गेली. अर्ध्या शतकानंतर, 1981 साली, म्हणजे मी नोकरीस लागलो त्याच वर्षी, ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात मूळ चित्रपटाची जवळजवळ पूर्ण प्रत सापडली. कोणी ठेवली, कशासाठी ठेवली, कोणास पत्ता नाही. डबे होते, एवढेच.

आमच्याकडे कागदांच्या मुदती ठरलेल्या असतात. मुदत संपली की यादी होते, यादीस मंजुरी मिळते, बस्ते सोडून कागद नष्ट केले जातात. त्या म्हातारीच्या साक्षीचा कागद, अंगठ्यासह, अशाच एका यादीत आला. तेव्हा मी शिरस्तेदार होतो. यादीच्या प्रत्येक पानावर खाली उजव्या बाजूस माझी सही आहे.